सोमवारची रांग, मंगळवारची रांग

सोम, बुध, शुक्र बायकांचे.
मंगळ, गुरू, शनी पुरुषांचे.
ओळखपत्राचा शेवटचा आकडा जो, त्यावर बाहेर पडायची वेळ.
माझा सात. म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेआठ.
त्या एप्रिलात पनामा शहरावर
ऊनसुद्धा आकडा दाखवून चढत असावं.

मी शाळेचे गणवेश शिवते. शाळाच बंद.
मशीनवर झाकण, झाकणावर कॅमेरा,
लेक परदेशी जाताना विसरून गेलेली, पट्टा तुटलेला.
पहिला फोटो बेकरीच्या रांगेचा.
ठरवून नाही काढला. पुढे सतरा बायका होत्या
आणि हातांना काहीतरी हवं होतं.

आब्दिएलला दाखवला.
म्हणाला, उद्या मी काढतो, तिथूनच.
काढलाही. तीच बेकरी, फरशीवर तेच पिवळे पट्टे,
तोच कुत्रा, सावलीपुरता सरकलेला.
आणि उजव्या कोपऱ्यात आब्दिएलचा अंगठा.
पुढच्या एकूण एक फोटोत तो आहे.
मी सांगून थकले. तो म्हणतो, माझी सही आहे ती.

रात्री भांडी घासून झाली की
दोघं बसून फोटो पुढे सरकवायचो.
बायका. पुरुष. बायका. पुरुष.
केळ्यांच्या गाडीवर सोमवारी ती, मंगळवारी तिचा नवरा,
एप्रन दोघांत एकच.
तांदूळ निवडावेत तसं कुणी शहर निवडून ठेवलेलं,
आणि खडे कोण, यावरून आमचं भांडण.
मागे, दोन इमारतींच्या फटीत,
कालव्यात शिरायची वाट बघणारी जहाजं.
त्यांना कुणी वार विचारत नव्हतं.

यारिसेल एकाही फोटोत नाही
हे माझ्या लक्षात यायला चार आठवडे गेले.
वरच्या मजल्यावर राहते. केस कापते.
माझी बट कपाळावर कशी पडते
हे माझ्याहून तिला जास्त ठाऊक.

सोमवारी गेली, तर कोपऱ्यावरच्या पोलिसानं कार्ड पाहिलं.
कार्डावर आईबापांनी मुलगा म्हणून ठेवलेलं नाव.
मंगळवारी गेली, तर त्यानं कार्ड मागितलंच नाही,
नुसता फ्रॉक पाहिला.
दोन्हीदा परत. एकदा दंड भरून.
आठवड्याला आठवा वार नव्हता.

मग तिचा पाव मी आणू लागले.
आब्दिएलही आणत होता, मला न सांगता.
एवढा पाव एकटी कशी खाणार?
उरलेला दुधात भिजवून, गूळ-मनुका घालून, भाजून
ती मामायेना खाली पाठवायची, ताटलीवर ताटली झाकून.
आम्ही खायचो आणि म्हणायचो,
बघ, किती पुरवून वापरते.

रविवार कुणाचाच नव्हता.
त्या रविवारी मी कॅमेरा घेऊन वर गेले.
काढू का एक?
थांब, म्हणाली, आणि दार लावून घेतलं.
चाळीस मिनिटं. आतून इस्त्रीचा वास.

बाहेर आली ती हिरव्या फ्रॉकमध्ये,
मास्कला टिकल्या लावलेल्या, कोपरात बाजाराची पिशवी,
पिशवीत काही नाही.
जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभी राहिली
पुढे कुणीतरी असल्यासारखी,
मागेही कुणीतरी.
मला म्हणाली, तू का बघत बसलीस? लाग ना रांगेत.

मी घरातली पिशवी आणली. दोन पायऱ्या सोडून पुढे उभी राहिले.
कॅमेरा आब्दिएलकडे दिला.
त्यानं श्वास रोखला. जिन्यातला दिवा तेवढ्यात गेला,
पुन्हा आला. क्लिक.

छपाईचं दुकान पुढे पुष्कळ दिवसांनी उघडलं.
तिघं मिळूनच गेलो, वार न बघता.
दुकानदारानं फोटो मोठा केला, चष्मा वर सारला,
हा अंगठा कापून टाकू का, विचारलं.

नको, यारिसेल म्हणाली.
रांगेतलाच आहे तो.